बँडसॉ रेघ सोडतोय? मशीनच्या आधी ब्लेड बघा

सागभुसा

या विभागातल्या बँडसॉबद्दलच्या (दोन चाकांवरून फिरणारा दातांचा पट्टा, म्हणजे ब्लेड, लाकूड कापतो ते मशीन) तक्रारी गेले बरेच दिवस वाचतोय. कुणाची फळी मधोमध पोट काढते, कुणाचं ब्लेड रेघ सोडून एका बाजूला ओढतं, कुणाचं सारखं तुटतं. खाली सल्ले येतात ते मोटर वाढवा, गाईड (ब्लेडला बाजूंनी आणि मागून आधार देणारे भाग) बदला, मशीन विकून मोठं घ्या असे. माझं मत वेगळं आहे. यातल्या बहुतेक तक्रारी ब्लेडच्या आहेत. मशीनबरोबर आलेलं एकच ब्लेड, तेही बहुधा बारीक दातांचं, आणि त्यावर १२ एमएम प्लायपासून सहा इंची सागापर्यंत सगळं कापणं चालू असतं. हातकरवती आपण कामाप्रमाणे बदलतो. बँडसॉलाही तेच लागू आहे, म्हणून हा धागा.

माझं वर्कशॉप धायरीला, मशीन चौदा इंची (हा चाकाचा व्यास), काम मुख्यतः साग, शिसव आणि थोडं स्टीम बीच. धातूचं काम करणाऱ्यांनी त्यांच्या बाजूची भर घालावी.

सगळ्यात आधी दात. एका इंचात किती दात, म्हणजे टीपीआय, हे सगळ्यांना माहीत असतं. पण बघायचा आकडा दुसराच आहे: एका वेळी लाकडाच्या आत किती दात आहेत. तीनपेक्षा कमी असले तर दात अडकतो, हिसका बसतो. ६ ते १२ दात आत असले की काम सुरळीत चालतं. एक इंची फळीला ६ टीपीआय घेतलं तर ६ दात आत, उत्तम. आता तेच १० टीपीआयचं ब्लेड सहा इंच उभ्या सागात घाला. एका वेळी ६० दात लाकडात! प्रत्येक दातापुढे जी खाच असते तिचं काम भुसा उचलून खाली टाकायचं. बारीक दातांची खाच छोटी, ती लाकडाच्या मध्यावर येईपर्यंतच भरते. मग दात कापायचं सोडून घासायला लागतात, ब्लेड तापतं, आपण जोर लावतो, ब्लेड मागे रेटलं जातं आणि आडवं वाकून वाट काढतं. फळी पोट काढते ती अशी. मोटरचा त्यात काही दोष नाही.

अशा उभ्या चिराईला ३ टीपीआय लावा. हिशेबाने तिथेही १८ दात आत असतातच, पण हुक दाताची खाच खोल आणि दात पुढे झुकलेला, त्यामुळे निभतं. पृष्ठभाग खडबडीत येतो, येऊ दे. पुढे रंधा मारायचाच आहे. बारीक दातांनी गुळगुळीत काप मिळेल या आशेने लोक जाड लाकडात १० टीपीआय घालतात आणि गुळगुळीत तर नाहीच, वाकडी फळी मिळते.

दुसरी गोष्ट रुंदी. वळणाची कामं असतील तर अरुंद, सरळ चिराईला रुंद. आपल्या सुताराच्या भाषेत, म्हणजे आठ सुतांचा एक इंच धरून सांगतो. दोन सुती ब्लेड साधारण पाच सुतांच्या त्रिज्येत वळतं. तीन सुती दीड इंचाच्या आसपास, चार सुती अडीच इंच. सहा सुती घेतलंत तर साडेपाच इंचांच्या आत वळवूच नका. चौदा इंची मशीनच्या माहितीपत्रकात सहा सूत चालतं असं लिहिलेलं असतं. ते बसतं हे खरं, पण तेवढ्या रुंद पट्ट्याला पुरेसा ताण देण्याची ताकद त्या फ्रेममध्ये बहुधा नसते. चार सुती, ३ टीपीआय, नीट ताणलेलं ब्लेड ढिल्या सहा सुतीपेक्षा कितीतरी सरळ चिरतं.

तिसरी गोष्ट जाडी, आणि इकडे कुणाचंच लक्ष नसतं. जुना नियम असा की ब्लेडची जाडी चाकाच्या व्यासाच्या हजाराव्या भागाइतकी असावी. चौदा इंची चाक म्हणजे ३५५ मिमी, म्हणजे ०.३५ मिमी. इतकं पातळ सहजी मिळत नाही, ०.५ किंवा ०.६ वर भागवावं लागतं. पण ०.९ चा पट्टा अशा मशीनवर चढवू नये. कारण बघा: लाकडासाठी ब्लेडचा वेग मिनिटाला ९०० मीटरच्या आसपास. ब्लेडची लांबी २३७५ मिमी धरली तर मिनिटाला जवळपास ३८० फेऱ्या, आणि प्रत्येक फेरीत ते दोनदा वाकतं, दोनदा सरळ होतं. तासाभरात पंचेचाळीस हजार वेळा वाकणं. जाड पट्टा लहान चाकावर थकतो आणि दाताच्या बुडाशी चीर पडते. धार अजून शाबूत असते आणि ब्लेड तुटतं, ते यामुळे.

मटेरियलबद्दल थोडक्यात. साधं कार्बन स्टील स्वस्त, सुरुवातीला अतिशय छान कापतं. सागात मात्र लवकर बोथट होतं, कारण सागात सिलिका असते, म्हणजे वाळूच. बायमेटलमध्ये पाठ लवचिक स्प्रिंग स्टीलची आणि दातांची कड हायस्पीड स्टीलची, जोडून एक केलेली. ते महाग पण पुष्कळ टिकतं. कार्बाइडचे दात असलेलं ब्लेड ज्यांना रोज शिसव-साग उभा चिरायचा आहे त्यांनीच घ्यावं, त्याला ताणही जास्त लागतो आणि एक खिळा लागला की दात उडतात.

प्रश्न विचारा, जमेल तसं उत्तर देईन.

नवा_रंधा

दादा, फारच उपयोगी धागा. वाचनखूण साठवली.

कोथरूडला पार्किंगच्या कोपऱ्यात छोटं दहा इंची मशीन आहे. आंब्याच्या ओंडक्यातून वाट्या करायच्या म्हणून आधी जाड चकत्या पाडतो. ओंडका अजून ओला आहे. ब्लेड दोन सुती, बहुतेक १४ टीपीआय. चार इंच खोलीत अर्ध्या वाटेत थांबतं, धूर निघतो आणि वास येतो. मी गेल्याच आठवड्यात मोटर बदलायचा विचार करत होतो.

सागभुसा

मोटर तशीच राहू द्या. ओल्या लाकडाचा भुसा लांब, चिकट आणि फुगलेला असतो, त्याला जागा आणखी जास्त लागते. १४ टीपीआय चार इंचात म्हणजे ५६ दात. तीन सुती, ३ किंवा ४ टीपीआय घ्या, दात स्किप (दूरदूर, न झुकलेले) किंवा हुक. ओल्या लाकडाला दातांचा सेट, म्हणजे दात डावी-उजवीकडे झुकवलेले असतात ते, थोडा जास्त असला तर बरं. नाहीतर लाकूड दोन्ही बाजूंनी ब्लेड आवळतं.

आणि एक महत्त्वाचं. गोल ओंडका नुसता टेबलावर ठेवून कधीच कापू नका. दात वरून खाली जाताना तो फिरवतात आणि हात आत ओढला जातो. खाली व्ही आकाराचा ठोकळा करा, किंवा ओंडक्याची एक बाजू सपाट फळीला स्क्रूने धरा, स्क्रू कापाच्या वाटेत येणार नाहीत असे.

वखारीतला

आमची वखार भवानी पेठेत, टिंबर मार्केटजवळ. सागभुसा यांनी खिळ्याचा उल्लेख एका वाक्यात संपवला, मला तिथे थांबायचंय, कारण पुण्यात ब्लेड मरतात ती सगळ्यात जास्त खिळ्याने.

हल्ली लोक तीन ठिकाणचं लाकूड आणतात. एक, पेठांमधले पाडलेल्या वाड्यांचे खांब आणि तुळया. साग अप्रतिम, शंभर वर्षं मुरलेला, आता तसा मिळायचा नाही. पण त्यात लोहाराने घडवलेले चौकोनी खिळे असतात, डोकं कधीच गंजून गेलेलं, वरून काही दिसत नाही. दोन, रस्त्याकडची पडलेली झाडं. क्लासच्या जाहिराती, दिव्यांच्या माळा, पाट्या, सगळं खिळ्यांनीच ठोकलेलं. झाड वाढतं तसा खिळा आत जातो, मग तो सालीपासून चार बोटं आत सापडतो. तीन, चाकण-भोसरीकडून येणारी पॅकिंगची पॅलेट. त्यातले खिळे पिळाचे असतात, उपटताना डोकं तुटून दांडा आतच राहतो.

ओळखायचं कसं? लोखंड आणि लाकडातलं टॅनिन एकत्र आलं की काळा-निळा डाग पडतो. बाभळीत तर फारच गडद. फळीवर रेषेच्या दिशेने लांबट काळा पट्टा दिसला तर तिथे लोखंड आहे किंवा होतं असं समजायचं. कडक चुंबक दोरीला बांधून फळीवरून फिरवा, वरवरचा खिळा कळतो. खोल असलेल्यासाठी हातातला मेटल डिटेक्टर घ्या. एका चांगल्या ब्लेडच्या नुकसानीपुढे त्याची किंमत जड वाटत नाही.

आणि जुन्या लाकडाला पहिलं चांगलं ब्लेड लावूच नका. जुनं कार्बनचं एक बाजूला ठेवा, वरची साल आणि कडा त्याने काढा, आतलं स्वच्छ लाकूड दिसलं की मग नवीन चढवा.

रस्त्यावर झाड पडलेलं दिसलं म्हणून परस्पर उचलायला मात्र जाऊ नका. शहरी भागात १९७५ चा झाडांच्या जतनाचा कायदा लागू आहे, महापालिकेच्या उद्यान विभागाकडे आधी विचारा.

लाकडी_खेळणी

वखारीतला काका, काळ्या डागाचं माहीत नव्हतं, धन्यवाद!

मी मुलांसाठी लाकडी प्राणी आणि कोडी बनवते, त्यामुळे माझं सगळं काम वळणांचं. सहसा एक सुती आणि दोन सुती ब्लेड, १० ते १४ टीपीआय, लाकूड पाऊण ते एक इंच. थोडी भर घालते.

अरुंद ब्लेड वळवताना त्याच्या पाठीचे टोकदार कोपरे कापाच्या भिंतीला घासतात आणि वळण अडतं. नवीन ब्लेड चढवलं की ते चालू ठेवून पाठीमागचे कोपरे बारीक ऑइलस्टोनने हलके गोल करायचे. एका कोपऱ्याला मिनिटभर, दुसऱ्याला मिनिटभर, मग पाठीला किंचित. वळण लगेच मोकळं होतं, आणि पाठीवरचा जोडाचा उंचवटाही जातो, त्यामुळे मागच्या बेअरिंगवर होणारी टकटक थांबते. हे करण्याआधी मशीनच्या आतला सगळा भुसा काढा. दगडाला ब्लेड लागलं की ठिणग्या उडतात आणि खालच्या कपाटात सुका भुसा साठलेला असतो.

वळणाच्या आत अडकल्यावर ब्लेड तसंच मागे ओढू नका. ते चाकावरून पुढे येतं. आधी बाहेरून आत असे आडवे काप देऊन ठेवायचे, म्हणजे वळण घेताना तुकडे आपोआप गळून पडतात आणि मागे यायची वेळच येत नाही. आलीच, तर मशीन बंद करून, ब्लेड पूर्ण थांबल्यावर सावकाश काढायचं.

भोसरीकर

धातूवाल्यांना बोलावलं आहे म्हणून लिहितो. आमचं फॅब्रिकेशन आणि बार कटिंग, आडवा बँडसॉ, कूलंट (ब्लेड थंड ठेवणारं द्रव) चालू.

सगळ्यात आधी एक इशारा. लाकडाच्या मशीनवर लोखंड कापू नका. वर ९०० मीटर वेग लिहिला आहे. माइल्ड स्टीलला बायमेटल ब्लेडने मिनिटाला साधारण ६० ते ९० मीटर लागतात, स्टेनलेसला त्याच्याही निम्मे. दहापट वेगाने स्टीलवर दात टेकवले तर धार काही सेकंदांत जाते. ॲल्युमिनिअम मात्र लाकडाच्या मशीनवर निघतं, मेण लावून. नंतर चाकाच्या रबरात रुतलेली चूर साफ करायची.

दातांचा तीनचा नियम आमच्याकडेही तोच, पण आम्ही ब्लेड घेतो ते दोन आकड्यांचं. १०/१४ म्हणजे दातांमधलं अंतर १० आणि १४ च्या दरम्यान बदलत राहतं. सारख्या अंतराचे दात एकाच तालात आदळतात आणि पट्टा कंप पावतो, अंतर बदलतं ठेवलं की तो ताल मोडतो, आवाज आणि थरथर दोन्ही कमी. पातळ भिंतीच्या पाइपला १०/१४, इंच-दीड इंच सॉलिड बारला ६/१०, तीन-चार इंची बारला ४/६. पाइप आणि बार एकाच ब्लेडने कापणाऱ्याचे दात पाइपवर उडतात.

नवीन बायमेटल ब्लेड बसवलं की पहिले काही काप दाब निम्मा ठेवून घ्या. वेग तोच ठेवायचा, फक्त दाब कमी. नव्या दाताची कड सूक्ष्म पातळ आणि टोकदार असते, पूर्ण दाब दिला तर ती चुरते. निम्म्या दाबावर तिला अगदी बारीक गोलाई येते आणि मग ती टिकते. घाईची ऑर्डर असली की नेमकं हेच टाळलं जातं.

आणि चूर बघत राहा. मोकळी गुंडाळलेली, चांदीच्या रंगाची असेल तर सगळं ठीक. पावडर पडत असेल तर दाब कमी आहे, दात नुसते घासतायत. जाड आणि निळी पडली तर दाब जास्त.

सागभुसा

चूर बघायचं लाकडालाही लागू आहे. धारदार ब्लेडचा भुसा हाताला कणीदार लागतो. पिठासारखा झाला की एकतर दात बोथट किंवा आपण फार हळू रेटतोय.

चौदा_इंची

माझा प्रश्न ड्रिफ्टचा, म्हणजे ब्लेड एका बाजूला ओढण्याचा. फेन्स (फळी टेकवून सरकवायची सरळ पट्टी) ब्लेडला समांतर लावला तरी फळी ब्लेडपासून दूर पळते किंवा फेन्सवर दाबली जाते. गाईड बदलले, फरक नाही. मशीन जुनं घेतलेलं आहे, चाकं आणि बेअरिंग ठीक आहेत.

टूलरूम_निवृत्त

मी ३५ वर्षं पिंपरीत टूलरूममध्ये होतो, आता घरी छोटं काम करतो. गाईड बदलून फरक पडला नाही हे वाचून लिहावंसं वाटलं. आधी ब्लेड लावायचा क्रम नीट समजून घ्या, कारण बऱ्याच वेळा ड्रिफ्ट तिथूनच येतो.

प्लग काढा. नुसता स्विच बंद पुरत नाही. वरचे-खालचे सगळे गाईड आणि मागचं बेअरिंग पूर्ण मागे घ्या, ब्लेडला कशाचाही स्पर्श राहता कामा नये. ब्लेड चढवा, दात आपल्याकडे आणि टोकं खाली टेबलाकडे. टोकं वर दिसत असतील तर ब्लेड आतून बाहेर उलटवलेलं आहे, दोन हातांनी पीळ देऊन पालटा. मग ताण द्या. मग वरचं चाक हाताने फिरवत फिरवत त्याचा कल बदला, ब्लेड रबराच्या मध्यावर स्थिर होईपर्यंत. हे झाल्यावरच गाईड पुढे आणा. बाजूचे गाईड आणि ब्लेड यांच्यात साध्या कागदाच्या जाडीइतकी फट. गाईडची पुढची कड दातांच्या खाचेच्या मागे राहिली पाहिजे, नाहीतर सेट घासून जातो. मागचं बेअरिंग अर्ध्या मिलिमीटरच्या आत, पण रिकामं चालताना स्पर्श नको. लाकूड रेटलं की टेकेल.

ताणाबद्दल: मशीनवरचा काटा स्प्रिंग किती दबली ते दाखवतो, ब्लेडचा खरा ताण दाखवत नाही, आणि जुन्या मशीनची स्प्रिंग बसलेली असते. वरचा गाईड टेबलापासून सहा इंच वर घ्या आणि बोटाने मध्यम जोर देऊन ब्लेड बाजूला दाबा. पाव इंचाच्या आसपास हललं तर ठीक. त्याहून जास्त हललं तर ढिलं. काम करताना गाईड लाकडाच्या वर तीन-चार सूतच ठेवायचा, हे वेगळं.

एवढं करूनही ओढत असेल तर एका बाजूचे दात बोथट आहेत किंवा सेट एकीकडचा गेला आहे. खिळा, कडक गाठ किंवा गाईडला घासलेले दात, कारण काहीही असो. तपासायला फळीवर कडेला समांतर रेघ मारा, फेन्स काढून हाताने रेघेवर काप घ्या, निम्म्यात थांबा आणि मशीन बंद करून फळी तशीच धरून ठेवा. फळीची कड टेबलावर ज्या कोनात आली तो ड्रिफ्टचा कोन. फेन्स त्या कोनात लावता येतो. पण कोन दरवेळी वाढत गेला तर समायोजन करत बसू नका, ब्लेड बदला.

चौदा_इंची

काका, इतकं सविस्तर लिहिल्याबद्दल मनापासून आभार. सेट तपासला. बाहेरच्या बाजूचे दात नखाला लागतच नाहीत, आतले लागतात.

एक राहिलं. काम झाल्यावर ताण सैल करायचा का? यावर प्रत्येक जण वेगळं सांगतो.

भोसरीकर

आम्ही करत नाही. दोन पाळ्यांत मशीन चालतं, ब्लेड थंड व्हायला वेळच मिळत नाही. साप्ताहिक सुट्टीला तेवढा सैल करतो.

टूलरूम_निवृत्त

भोसरीकरांचं त्यांच्या जागी बरोबर आहे, पण घरगुती वर्कशॉपमध्ये मशीन आठवडाभर बंद राहू शकतं. त्या वेळात रबरी टायर एकाच जागी दाबला जातो, तिथे खड्डा पडतो आणि पुढच्या वेळी थरथर सुरू होते. फ्रेम आणि स्प्रिंगवरचा भारही कायम राहतो. दिवसाचं काम संपलं की सैल करावा असंच मी सांगेन. फक्त ताण सैल केल्यावर स्विचवर पाटी अडकवा, "ताण सैल आहे" अशी. दुसऱ्या कुणी तसंच चालू केलं तर ब्लेड चाकावरून उतरतं.

वखारीतला

धारेचा विषय कुणीच काढला नाही. आमच्या मोठ्या मशीनचे पट्टे चार-पाच इंच रुंद, त्यांना रोज धार लागते, धारेचं मशीन वखारीतच असतं. छोट्या बँडसॉचं ब्लेड बोथट झालं की लोक थेट भंगारात टाकतात ते बघून वाईट वाटतं. कार्बनच्या ब्लेडला धार लावता येते. दातांची टोकं कडक केलेली असतात, साधी कानस त्यावर घसरते, म्हणून छोट्या ग्राइंडरला पातळ दगड लावून काम करावं. खाचेच्या आकारात, प्रत्येक दाताच्या पुढच्या बाजूला एक हलका स्पर्श, सगळ्यांना सारखा. सुरुवात केली त्या दाताला खडूची खूण.

सागभुसा

तत्त्वतः मान्य. ३ टीपीआयच्या ब्लेडवर मीही करतो, त्यात २८० दात असतात. १४ टीपीआयवर तेराशेच्या वर होतात, तिथे धार लावण्यात गेलेल्या वेळात नवीन ब्लेडचे पैसे कमावून होतात. आणि दोन-तीन धारेनंतर दात झिजतात तसा सेट कमी होतो, मग ब्लेड अडकायला लागतं. ज्याला सेट परत देता येतो त्याने आणखी चालवावं.

वखारीतला

सेट देणारे कारागीर मार्केटात अजून आहेत. विचारून तर बघा.

लाकडी_खेळणी

धारेच्या आधी एकदा साफ करून बघा असं सांगेन. पाइन किंवा चिकाचं लाकूड कापलं की दातांच्या बाजूंवर तपकिरी थर चढतो आणि ब्लेड बोथट झाल्यासारखं वागतं. ब्लेड काढून परातीत गुंडाळी करून रॉकेलमध्ये तासभर ठेवा, नायलॉनच्या ब्रशने दातांच्या दिशेने घासा, कोरडं पुसा. कित्येकदा धार शाबूतच निघते. नंतर चालत्या ब्लेडच्या बाजूला नाही, बंद ब्लेडवर मेणबत्ती फिरवून मेणाचा हलका हात द्यायचा. सिलिकॉनचे स्प्रे वापरू नका, ते लाकडावर उतरतं आणि पॉलिश करताना माशाच्या डोळ्यांसारखे गोल ठिपके उठतात.

नवा_रंधा

पावसाळ्यात काय करता? माझं पार्किंग उघडंच आहे. जूनमध्ये टांगलेलं जादा ब्लेड गणपतीपर्यंत लाल होतं.

टूलरूम_निवृत्त

गंज दातांच्या टोकावर आला की धार गेलीच समजा, कारण टोक मुळात केसाहून बारीक. मशीन ऑइलच्या फडक्याने पुसा, दातांच्या उलट दिशेने पुसू नका, फडकं अडकतं आणि बोट कापतं. मग तीन वेटोळ्यांत गुंडाळून झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पिशव्या. वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवू नका, कागद ओल धरतो. लावण्यापूर्वी तेल पूर्ण पुसा, नाहीतर रबर फुगतं आणि लाकडावर डाग.

गुंडाळायला हातमोजे आणि चष्मा दोन्ही. ब्लेड उघडताना ते झटक्यात फाकतं. मशीन चालू असताना मात्र हातमोजे काढून ठेवायचे, दाताला मोजा लागला तर तो हातासकट ओढतो.

तुटलेल्या ब्लेडबद्दलही सांगतो, कारण तुकडा बघून कारण कळतं. चीर दातांच्या खाचेतून सुरू झाली असेल तर जास्त रेटणं, जास्त ताण किंवा लहान चाकावर जाड पट्टा. चीर पाठीकडून आली असेल तर मागचं बेअरिंग झिजलं आहे किंवा फार घट्ट लावलं आहे. जोडावर सरळ कडाड तुटलं असेल तर जोड दिल्यावर तो भाग नीट नरम केलेला नाही. वेल्डिंगने पोलाद ठिसूळ होतं, त्याला पुन्हा मंद लाल तापवून सावकाश थंड करावं लागतं.

चौदा_इंची

लांबी कशी सांगायची दुकानात? भोसरी-पिंपरीकडे गुंडाळीतून कापून जोडून देतात, पण माझ्याकडे जुन्या ब्लेडचे दोन तुकडे आहेत आणि मध्ये काही भाग हरवला आहे.

सागभुसा

वरचं चाक त्याच्या वर-खाली सरकण्याच्या मध्यावर आणा. दोन्ही चाकांच्या मध्यांमधलं अंतर मोजा. त्याची दुप्पट, अधिक चाकाच्या व्यासाला ३.१४ ने गुणून येणारा आकडा. समजा अंतर ६३० आणि चाक ३५५, तर १२६० अधिक १११५, म्हणजे २३७५ मिमी. व्यास रबरासकट मोजायचा, छापील चौदा इंचावर विसंबू नका. दुकानात लांबी, रुंदी, जाडी आणि टीपीआय असे चारही आकडे लिहून न्या, नाहीतर जे गुंडाळीवर आहे ते मिळतं. जोड हातात घेऊन बघा: पाठीच्या रेषेत सरळ हवा, दोन्ही बाजूंनी घासून सपाट हवा, बोटाने उंचवटा लागू नये. जोडापाशी दातांचं अंतर चुकलेलं असेल तर तिथेच परत द्या.

नवा_रंधा

काल तीन सुती ४ टीपीआय लावलं. चार इंची ओला आंबा सरळ गेला, धूर नाही. मोटर तीच आहे. दादा, काका, ताई, सगळ्यांचे आभार.

जुन्या १४ टीपीआयच्या ब्लेडचं आता काय करू?

लाकडी_खेळणी

साफ करून ठेवा, ते पाव इंची प्लायला आणि पातळ फळ्यांना चांगलं आहे. खरंच संपलेली ब्लेड मी पत्र्याच्या कात्रीने वीतभर तुकड्यांत कापते. रुंद असतील तर पाठीची कड घासून छान स्क्रेपर होतात, दातांच्या बाजूला जाड टेप लावायचा. उरलेले तुकडे जाड पुठ्ठ्यात गुंडाळून वर "धारदार" लिहून भंगारवाल्या मावशींच्या हातात द्या, कचऱ्याच्या पिशवीत टाकू नका.